सोसायटीसाठी साप्ताहिक माहितीपत्रक: सोलापुरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

जुळे सोलापुरातील आमच्या सोसायटीत चोवीस सदनिका आहेत आणि जिन्याखालच्या फळ्यावर गेली सहा वर्षे दर रविवारी संध्याकाळी मी एक पानभर माहितीपत्रक लावते. येत्या आठवड्यात पाणी कोणत्या दिवशी सुटणार, वीज कधी बंद राहणार, महापालिकेचे कोणते काम आपल्या भागात निघाले आहे, कोणत्या भरण्याची मुदत जवळ आली आहे आणि गावात कोणते कार्यक्रम आहेत, एवढेच त्यात असते. चार ठिकाणची माहिती गोळा करून लिहायची, यात अवघड काय, असे मला प्रारंभी वाटले होते. पहिल्याच महिन्यात शेजारच्या भागाची पाण्याची पाळी मी आमची म्हणून लिहिली आणि तळमजल्यावरच्या आजींनी त्या भरवशावर आपली टाकी रिकामी करून धुवायला काढली. पुढचे तीन दिवस त्यांना शेजाऱ्यांकडून घागरी आणाव्या लागल्या. त्यानंतर मी ही माहिती कशी मिळवायची, कशी तपासायची आणि कशी लिहायची, याची एक पद्धत ठरवून घेतली. आपल्या गल्लीसाठी, सोसायटीसाठी किंवा नगरासाठी असे पत्रक काढण्याची इच्छा असलेल्यांना तीच पद्धत येथे क्रमाने सांगते.

१. आपली वसाहत कोणत्या हद्दीत आणि कोणत्या विभागात मोडते, हे आधी नक्की करा

सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ रोजी अस्तित्वात आली आणि १९९२ साली हद्दवाढ होऊन भोवतालची अनेक गावे शहरात आली. आजही लोक बोलताना ‘गावठाण’ आणि ‘हद्दवाढ भाग’ असा फरक करतात. हा फरक केवळ बोलण्यापुरता नाही, कारण पेठांमधली जुनी जलवाहिनी आणि हद्दवाढ भागातल्या टाक्या यांचे वेळापत्रक वेगळे चालते. त्यामुळे ‘सोलापुरात उद्या पाणी’ या वाक्याला तसा काही अर्थ नसतो.

आपल्या वसाहतीबद्दल पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात: प्रभाग क्रमांक, महापालिकेचे विभागीय कार्यालय, ज्याला सगळे झोन ऑफिस म्हणतात, आपल्याला पाणी पुरवणारी उंच टाकी, महावितरणचे उपविभागीय कार्यालय, आणि पोलीस ठाणे. यातली निम्मी माहिती घरातच सापडते. मालमत्ता कराच्या बिलावर पेठ आणि मालमत्ता क्रमांक असतो, विजेच्या बिलावर ग्राहक क्रमांक आणि कार्यालयाचे नाव असते. टाकी मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते. ती आपल्या भागातल्या चावीवाल्याला, म्हणजे जलवाहिनीची चावी फिरवून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारावी.

येथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. कराच्या बिलावरचा पेठ क्रमांक आणि निवडणुकीचा प्रभाग क्रमांक या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रभागरचना निवडणुकीच्या आधी बदलू शकते, त्यामुळे जुन्या मतदार चिठ्ठीवरचा आकडा तसाच उतरवून घेऊ नये. दुसरे असे की, शहराला लागून असलेल्या काही वसाहती अजून ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत. अशा ठिकाणी घर घेतलेल्या कुटुंबाचा पत्ता ‘सोलापूर’ असला तरी कचरा, दिवाबत्ती आणि कर यांसाठी महापालिकेच्या दारात जाऊन उपयोग होत नाही.

२. कोणते काम कोणाचे, याचा तक्ता करा

पाणीपुरवठा, ड्रेनेज, घंटागाडी, रस्त्यावरचे दिवे, शहरातले अंतर्गत रस्ते, जन्म-मृत्यू नोंदणी, मालमत्ता कर, अग्निशमन दल, उद्याने, शहर बस आणि नागरी आरोग्य केंद्रे ही महापालिकेची कामे आहेत. डफरीन रुग्णालय महापालिकेचे आहे. ज्याला सारे गाव सिव्हिल म्हणते ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय मात्र राज्य शासनाचे आहे. त्यामुळे एका ठिकाणच्या शिबिराची सूचना दुसऱ्याच्या नावावर लिहिली, तर आजारी माणसाला उगाच हेलपाटा पडतो. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा असतो, पण घरात येणारी विजेची तार महावितरणची असते. सिग्नल आणि वाहतुकीतला बदल शहर पोलिसांकडे असतो, शिधापत्रिका पुरवठा विभागाकडे, आणि मालमत्ता पत्रकाचा उतारा नगर भूमापन कार्यालयाकडे मिळतो.

हा तक्ता एकदाच करावा लागतो. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लावून ठेवावा आणि त्याखाली ११२ हा आपत्कालीन, १०८ हा रुग्णवाहिकेचा, १०१ हा अग्निशमनाचा आणि १९१२ हा वीज तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. रात्री अकरा वाजता चष्मा न सापडलेल्या माणसालाही तो वाचता आला पाहिजे.

३. लागणारे साहित्य आणि कागद

- दोनशे पानी वही, जिच्यात प्रत्येक माहितीपुढे ती कोणाकडून आणि कधी मिळाली हे लिहिले जाईल
- सोसायटीचे मालमत्ता कराचे आणि पाणीपट्टीचे शेवटचे बिल, तसेच सामाईक मीटरचे वीज बिल, यांच्या छायाप्रती
- वर्षाचे पंचांग किंवा दिनदर्शिका
- सोसायटीच्या कार्यकारिणीचा हे काम आपल्याकडे सोपवल्याचा साधा ठराव. झोन ऑफिसात विचारणा करताना त्याची प्रत हाती असली की बोलणे सोपे जाते
- फळा, टाचण्या आणि पावसापासून बचावासाठी काच किंवा प्लास्टिकचे आवरण

संगणक नसला तरी चालते. मी पहिली दोन वर्षे हाताने लिहीत होते.

४. पाण्याची पाळी: सर्वांत जास्त वेळ या नोंदीला द्या

सोलापुरात नव्याने आलेल्या माणसाला पहिला धक्का पाण्याचा बसतो. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि तेही कधी पहाटे तर कधी रात्री. पाळी का पुढे सरकते हे समजून घेतले, तर पत्रकात काय लिहायचे ते आपोआप कळते.

शहराला पाणी प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरण. तेथून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. दुसरे म्हणजे टाकळी. उजनीतून नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात साठते, टाकळीहून उपसले जाते आणि सोरेगावच्या केंद्रात शुद्ध होते. तिसरे म्हणजे हिप्परगा येथील एकरुख तलाव, ज्याचे पाणी भवानी पेठेतील केंद्राकडे जाते. एवढ्या लांबच्या वाटेवर एखाद्या पंपगृहाची वीज दोन-तीन तास गेली, किंवा जलवाहिनीला गळती लागली, की टाक्या वेळेत भरत नाहीत आणि त्या दिवशीची पाळी दुसऱ्या दिवशी जाते. मग तिच्या मागच्या साऱ्या पाळ्याही सरकतात. म्हणूनच ‘दुरुस्तीसाठी अमुक दिवशी पंपिंग बंद’ अशी बातमी दिसली, की ती दुसऱ्या भागाबद्दल आहे असे समजून सोडून देऊ नये. आपली टाकी त्याच केंद्रावर असेल, तर तिचा परिणाम एक-दोन दिवसांत आपल्या नळाला जाणवतो.

माझी रीत अशी आहे. मागच्या पाळीची तारीख आणि वेळ मी स्वतः नळ सुटताना पाहून वहीत लिहिते. त्यावरून पुढच्या पाळीचा अंदाज काढते आणि शनिवारी संध्याकाळी चावीवाल्याला विचारते. दोन्ही जुळले तरच पत्रकात दिवस निश्चित म्हणून लिहिते. जुळले नाहीत तर ‘बुधवार अपेक्षित, मंगळवारी रात्री फळा पुन्हा पाहावा’ असे लिहिते आणि मंगळवारी रात्री तो खरोखर दुरुस्त करते. चावीवाल्याशी आदराने वागावे, हेही येथे सांगितले पाहिजे. थंडीत पहाटे चार वाजता रस्त्यावर उभा राहून चावी फिरवणारा तो माणूस आपल्या भागाचे पाणी जितके ओळखतो, तितके कोणतेही पत्रक ओळखत नाही. मात्र त्याचा खासगी मोबाईल क्रमांक फळ्यावर कधीही लावू नये. चोवीस घरांनी एकामागून एक फोन केले, तर तो पुन्हा आपल्याला काही सांगणार नाही, आणि ते योग्यच होईल.

उन्हाळ्यात उजनीची पाणीपातळी खाली गेली की पाळ्यांमधले अंतर वाढण्याची शक्यता असते. मार्चपासूनच धरणाच्या पाणीसाठ्याची ओळ पत्रकात घालत गेल्यास लोक वेळेत काटकसरीला लागतात. नदीला पूर आला किंवा पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले, तर ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ ही सूचना सर्वांत वर लिहावी.

५. माहिती कोठून घ्यावी आणि कशी तपासावी

अधिकृत उगम म्हणजे महापालिकेचे संकेतस्थळ, वर्तमानपत्रातील जाहीर निवेदन, झोन ऑफिसचा सूचना फलक आणि महावितरणकडून ग्राहकांच्या मोबाईलवर येणारा संदेश. त्याखालोखाल स्थानिक दैनिकांची शहराची पाने येतात. मी रोज एक दैनिक पूर्ण वाचते आणि दुसरे वाचनालयात चाळते, कारण एकात सुटलेली छोटी सूचना दुसऱ्यात सापडते.

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर हा फक्त विचारणा करण्याचे निमित्त समजावा. त्यात तारीख नसते, असली तर वर्ष नसते, आणि मागच्या वर्षीची करसवलतीची सूचना या वर्षी पुन्हा फिरू लागते. कोणत्याही मजकुराला चार प्रश्न विचारावेत: हे कोणी जाहीर केले, कोणत्या तारखेला, कोणत्या भागासाठी आणि कधीपर्यंत? यापैकी एकाचे जरी उत्तर नसेल, तर तो मजकूर फळ्यावर जाता कामा नये. वीज तोडण्याची धमकी देऊन एखाद्या क्रमांकावर फोन करायला सांगणारे, किंवा एखादा दुवा उघडून बिल भरायला सांगणारे संदेश फसवणुकीचे असतात. त्याबद्दलची सूचना महिन्यातून एकदा तरी द्यावी. आमच्याकडे एका निवृत्त गृहस्थांची रक्कम अशाच संदेशामुळे जाता जाता वाचली, ती केवळ त्यांनी आधी फळा वाचला होता म्हणून.

६. आठवड्याचे काम दिवसांत वाटून घ्या

सगळे रविवारी करायचे म्हटले तर होत नाही, कारण शनिवार-रविवार कार्यालये बंद असतात आणि विचारायला कोणी भेटत नाही. गुरुवारी वहीतल्या प्रलंबित गोष्टींची यादी करावी. शुक्रवारी दुपारच्या आत झोन ऑफिसात जाऊन फलक वाचावा, आणि फवारणी, लसीकरण, रस्ता खोदाई किंवा ड्रेनेज सफाई यांपैकी काही आपल्या भागात ठरले आहे का, हे विचारून यावे. शनिवारी पाणी आणि कार्यक्रम तपासावेत. रविवारी सकाळी मजकूर लिहावा, दुसऱ्या एका व्यक्तीकडून वाचून घ्यावा आणि संध्याकाळी लावावा. दुसरी नजर अत्यंत आवश्यक आहे. ‘मंगळवार’ लिहून पुढे बुधवारची तारीख टाकण्याची चूक लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही.

७. मुदतींचे स्वतंत्र पान ठेवा

काही गोष्टी दर आठवड्याला बदलत नाहीत, पण विसरल्या तर महागात पडतात. मालमत्ता कराची आकारणी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाहींची असते, आणि मुदतीनंतर थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागू होते. वेळेआधी भरणाऱ्यांसाठी जी सवलत जाहीर होते, तिची टक्केवारी आणि अंतिम तारीख त्या त्या वर्षीच्या निवेदनातूनच घ्यावी. मागच्या पत्रकावरून उतरवू नये.

जन्म किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानगीची प्रक्रिया मागे लागते. रुग्णालयात जन्म झाला तर नोंद रुग्णालयाकडून जाते, परंतु बाळाचे नाव नंतर घालायचे राहून जाते आणि शाळाप्रवेशाच्या वेळी धावपळ होते. मी सोसायटीत पाळणा हलला की त्या घरासाठी वहीत एक खूण करून ठेवते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका पातळीवर लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचा दिवस, असतो. सोमवारी सुट्टी आली तर तो पुढच्या कामाच्या दिवशी होतो. त्यासाठीचा अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, त्यामुळे त्याची आठवण आदल्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच छापावी. न्यायालयात असलेले प्रकरण किंवा माहिती अधिकाराचा विषय तेथे घेतला जात नाही. याशिवाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्या सेवांची, मुदतीची व अपिलाच्या अधिकाऱ्याची माहिती कार्यालयात लावलेली असली पाहिजे. तो फलक एकदा शांतपणे वाचून वहीत उतरवून घ्यावा. नंतर कोणी ‘दाखला कधी मिळेल’ असे विचारले, तर आपल्याला अंदाजाने बोलावे लागत नाही.

८. सण, यात्रा आणि कार्यक्रम यांची नोंद

सोलापुरात नव्याने आलेल्या कुटुंबाला गाव आपले वाटू लागते ते याच नोंदींमुळे. म्हणून हा भाग उरलेल्या जागेत कोंबण्याचा नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा, भरतो. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर होमविधी आणि पुढे शोभेचे दारूकाम होते. हे सारे मकर संक्रांतीच्या सुमारास लागोपाठच्या दिवशी येते, आणि प्रत्येक दिवशी मिरवणुकीचा मार्ग व वाहतुकीचे वळण वेगळे असते. पत्रकात ‘गड्डा सुरू’ एवढेच लिहून भागत नाही. ज्यांना त्या दिवशी नवी पेठेत दुकान उघडायचे आहे किंवा रुग्णाला सिव्हिलला न्यायचे आहे, त्यांना रस्ता कोणता बंद आणि किती वाजेपर्यंत, हे हवे असते. पोलिसांचे वाहतूक बदलाचे निवेदन दैनिकांत येते. त्यातला आपल्या वाटेचा भाग तेवढा उचलावा. याच दिवसांत, १२ जानेवारीला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो. १९३१ साली याच दिवशी त्यांना येरवड्यात फाशी दिले गेले. बाहेरून आलेल्या मुलांना ही चार नावे फळ्यावरून कळावीत, असे मला मनापासून वाटते.

नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव पूर्व भागात निघतो. आषाढीच्या आधी शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी शहरात मुक्कामाला असते. कोजागरीला तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांमुळे तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते, आणि त्या दिवशी धाराशिवकडे निघालेल्या माणसाला आधी कळलेले बरे. गणेशोत्सवात मूर्ती संकलनाची ठिकाणे आणि विसर्जनाची वेळ लिहावी.

नाटके आणि सभा यांसाठी हुतात्मा स्मृती मंदिर व फडकुले सभागृह, व्याख्याने आणि पुस्तकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालय, ही ठिकाणे दर आठवड्याला पाहावीत. कार्यक्रम विनामूल्य आहे का, प्रवेशिका लागते का आणि परतताना शहर बस मिळेल का, हे लिहिले नाही तर एकटी राहणारी वृद्ध माणसे जात नाहीत.

स्थानिक सुट्टीबाबत एक खबरदारी सांगते. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्या बँकांना लागू नसतात. ‘सर्वत्र सुट्टी’ असे कधीही लिहू नये.

९. मजकूर लिहिण्याची पद्धत

प्रत्येक नोंद दोन ते तीन ओळींची असावी आणि तिच्यात वार, तारीख, वेळ, ठिकाण आणि माहितीचा उगम यावा. ‘लवकरच फवारणी होणार आहे’ या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. ‘गुरुवारी सकाळी १० ते १२ या वेळेत डास निर्मूलन फवारणी, पाण्याची भांडी झाकावीत, अंगणातील वाळवण आत घ्यावे, झोन ऑफिसात शुक्रवारी विचारून घेतले’ असे लिहिले, तर घरातले सर्वजण तयारीत राहतात.

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांचे गाव आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू भाषक वहिनी दर रविवारी पाण्याची आणि आरोग्याची अशा दोन नोंदी तेलुगूत लिहून देतात. मराठी वाचता न येणाऱ्या त्यांच्या सासूबाई आता स्वतः खाली येऊन फळा वाचतात. आपल्या वसाहतीत कोणत्या भाषा बोलल्या जातात हे पाहून निदान या दोन नोंदी तरी त्या भाषांत द्याव्यात.

काही गोष्टी फळ्यावर येता कामा नयेत: कोणाच्या घराचा कर थकला, कोणाला डेंगी झाला, कोणाविरुद्ध तक्रार केली, कोण कोणत्या दिवशी बाहेरगावी आहे. तसेच कोणत्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार नसावा. नगरसेवकाने काम केले असेल तर कामाची नोंद द्यावी, स्तुती देऊ नये. एकदा स्तुती छापली की उरलेल्या सर्वांचा फळ्यावरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला फार काळ लागतो.

१०. तक्रारींचा पाठपुरावा पत्रकातच ठेवा

ड्रेनेज तुंबले, दिवा बंद पडला किंवा घंटागाडी तीन दिवस आली नाही, तर तक्रार कोणी केली याऐवजी तक्रार क्रमांक, तारीख आणि सद्यःस्थिती एवढेच लिहावे. एकाच खड्ड्यासाठी पाच जणांनी पाच निरनिराळ्या शब्दांत तक्रारी केल्या की त्या पाच वेगळ्या समजल्या जातात, आणि एकीचे निराकरण झाले म्हणून उरलेल्या बंद होतात. क्रमांक फळ्यावर असला की सर्वजण त्याच क्रमांकाचा संदर्भ देतात. काम झाले, तर पुढच्या पत्रकात ते पहिल्या ओळीत लिहावे आणि काम करणाऱ्या विभागाचे आभार मानावेत. काम न होता तक्रार बंद झाली असेल, तर त्या जागेचे तारखेसह छायाचित्र घेऊन झोन ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले काम अधिकारी बदलला की नव्याने सांगावे लागते. पोच असलेला कागद पुढच्या अधिकाऱ्यापुढेही ठेवता येतो.

पहिल्या आठवड्यात दहा विभाग मांडण्याचा प्रयत्न करू नये. पाणी, वीज, घंटागाडी आणि एखादा कार्यक्रम, एवढ्या चार नोंदींनी सुरुवात करावी. तीन महिने एकही रविवार न चुकवता पत्रक लागले, की लोक स्वतःहून माहिती आणून देऊ लागतात. त्या वेळी वहीतला ‘कोणाकडून आणि कधी’ हा रकाना मात्र रिकामा सोडू नये.